देशी स्प्रिंग एअर रायफल, ४.५ मिमी: नऊ महिने वापरून

दहा मीटरवरून दहा पेलेट (शिशाचे छर्रे) मारले आणि नेमाच्या कार्डावरचा भोकांचा पसारा मोजला, तर ५८ मिमी. मी एअर पिस्तूलचं कार्ड लावतो. त्यावरचा काळा गोल ५९.५ मिमीचा असतो, माझ्या चष्म्याला तो झेपतो. म्हणजे अख्ख्या काळ्या गोलाची आम्ही चाळणी केली होती आणि मधल्या दहाच्या वर्तुळात एकही भोक नव्हतं. दुकानदाराला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "बॅरल वाकडं असेल. पाठवून द्या, बदलून देऊ. कुरियर आणि मजुरी तेवढी तुमची."

बॅरल सरळ होतं. ते माझं मला कळायला अडीच महिने आणि दोन हजारांच्या आसपास पेलेट गेले.

मी इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर आहे, सत्तावीस वर्षं झाली. माग अडला की पहिला फोन मला येतो. त्यामुळे हा रिव्ह्यूही जॉबरचाच आहे. रंग कसा, खोका कसा, पॅकिंग कसं, हे दुसरीकडे वाचा. कंपनीचं आणि दुकानाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, एका नगावरून कुणाला नावं ठेवणं बरं दिसत नाही. आणि खाली जे लिहिलंय ते बहुतेक सगळ्याच नळी मोडून भरायच्या, म्हणजे बॅरल बिजागरीवर खाली वाकवून पेलेट भरायच्या, रायफलींना लागू आहे.

रायफल भाचीसाठी घेतली. १ ऑगस्ट २०२४ ला आमच्या जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत ब्राँझ मारलं आणि त्या आठवड्यात भाचीनं जेवणाचं ताट बाजूला सारून सांगितलं, "मामा, मला रायफल." कुसाळेचा प्रकार ५० मीटर थ्री पोझिशन, म्हणजे पॉइंट टू-टूची काडतुसाची रायफल. आपल्याला आधी हवेवरच हात बसवावा लागणार, हे तिला समजावण्यात दिवाळी उजाडली. तिच्या नेमबाजीच्या सरांनी सांगितलं, पहिलं वर्ष ओपन साइट, म्हणजे मागची खाच आणि पुढची माशी जुळवून नेम धरायची साधी रायफल घ्या. सिलिंडरवाल्या पीसीपीचा (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल) खर्च पोरगी टिकली तर बघू. ताईचं म्हणणं, टिकली नाही तर? मी म्हटलं, तर माझ्याकडे राहील. खरं सांगायचं तर मलाही हवी होतीच.

साडेआठ हजार पडले. ४.५ मिमी बोअर आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असली की एअर रायफलला परवाना लागत नाही. दुकानात आधारची झेरॉक्स घेतली, वहीत सही घेतली, झालं. सोबत 'कॉम्बो' म्हणून ४×३२ ची दुर्बीण गळ्यात मारली. तिचं पुढे येईलच.

पहिला दिवस: धूर

गोदामात सुताच्या गाठींच्या मधून दहा मीटर मोजून घेतले. मागे लोखंडी पत्रा, त्याच्या पुढे चिंध्यांनी ठासून भरलेली लाकडी पेटी. पहिला बार काढला तर फटाका वाजल्यासारखा आवाज, नळीतून निळसर धूर आणि जळक्या तेलाचा वास. शेजारच्या शेडमधले दोघं धावत आले. दुकानदाराला फोन केला तर तो खुशीत, "बघा पॉवर!"

ती पॉवर नव्हती. या रायफलीत स्प्रिंग पिस्टनला ढकलते आणि पिस्टननं दाबलेली हवा पेलेटला. कारखान्यात तिच्या सिलिंडरमध्ये राहिलेलं तेल पिस्टननं हवा दाबली की तापून पेट घेतं. डिझेल इंजिनात होतं तेच. प्रत्येक बाराला कमीजास्त तेल जळतं, म्हणून प्रत्येक पेलेटचा वेग वेगळा आणि कार्डावर भोकं वरखाली. नवीन रायफलीत हे चालतं, शंभरेक बारांत आपोआप बसतं. आमचीही बसत आली होती.

तेवढ्यात माझ्यातला जॉबर जागा झाला. नळी मोडताना कुईं असा बारीक आवाज येत होता. आमच्या धंद्यात कुईं म्हणजे तेल. नळी मोडली, मागच्या बाजूला हवेचं जे छोटं भोक असतं त्यात ऑईलकॅनचं टोक लावलं आणि मागाचं तेल तीन थेंब सोडलं. पुढचा बार असा वाजला की भाचीनं रायफल खाली ठेवून कानावर हात घेतले. त्या एका शहाणपणापायी पुढचे दोन आठवडे कार्डावर उभी माळ पडत होती, वरचं भोक आणि खालचं भोक यात चार बोटं. त्या भोकात तेल घालू नका. कुठलंच नको, आणि खनिज तेल तर नकोच. पिस्टनचं सील जळतं, स्प्रिंगला उलटा दणका बसतो. तेल लागतं ते नळीच्या बिजागरीला आणि नळीखालच्या दांड्याच्या सांध्याला, तेही काडीच्या टोकानं.

स्क्रू

हे मला सांगायलाही लाज वाटते. रोज सकाळी शेडमध्ये गेलं की मागांच्या बोल्टांवरून पाना फिरवल्याशिवाय मी चहा घेत नाही. आणि रायफलीचे स्क्रू बघायला मला सव्वा महिना लागला.

लाकूड आणि लोखंड एकमेकांना धरून ठेवणारे चार स्क्रू आहेत. दोन पुढे, लाकडाच्या डाव्या-उजव्या अंगाला. दोन ट्रिगरच्या कडीपाशी. पुढचा डावा जवळजवळ अर्धा फेरा ढिला होता, उजवा पाव. मागचे घट्ट. म्हणजे प्रत्येक बाराला लोखंड लाकडात नाचत होतं आणि दर वेळी नव्या जागी येऊन बसत होतं. माशी लोखंडावर, गाल लाकडावर, मग नेम कशावर धरणार?

आवळले आणि त्याच दिवशी ५८ चे ३६ झाले. दुसऱ्या रविवारी परत ४५. परत ढिले! लाकूड नवीन आहे, दबतं. शेवटी स्क्रू काढून आटे पेट्रोलनं धुतले, आटे धरून ठेवणारं निळं लॉकटाइट लावलं (लाल नको, पुढे खोलायची वेळ आली तर रडाल) आणि हातानं बसेल तेवढंच आवळलं. जोर लावून पिळला तर लाकूड चिरतं. मग ताईच्या नेलपॉलिशनं स्क्रूच्या डोक्यावरून लाकडापर्यंत एक बारीक रेघ ओढली. रेघ तुटली की समजायचं स्क्रू हलला. मागावर आम्ही पेंटची रेघ मारतो, तेच.

हवा कुठून जाते

स्क्रू बसले तरी मधूनच एखादा पेलेट खाली पडायचा. नऊ एका जागी आणि दहावा दोन बोटं खाली. सरांकडे वेग मोजायचं यंत्र आहे, ते एका संध्याकाळी मागून आणलं. दहा बारांत सगळ्यात कमी १५१ मीटर सेकंदाला, सगळ्यात जास्त १७८. म्हणजे कुठेतरी हवा निसटत होती.

शोधायची सोपी युक्ती आहे. नळी बंद केल्यावर सांध्याच्या वर टिश्यू पेपरची पातळ पट्टी धरायची आणि बार काढायचा, अर्थात पेलेट भरून आणि नळी पेटीकडे ठेवूनच. पट्टी उडाली तर गळती. आमची पट्टी पतंगासारखी उडाली. नळीच्या तोंडाशी रबराची एक गोल रिंग असते, ती एका बाजूनं चपटी झाली होती, बहुतेक बसवतानाच कुठेतरी चेमटलेली. कंपनीला मेल टाकला. सहाव्या दिवशी उत्तर आलं, दहाव्या दिवशी दोन रिंगा फुकट आल्या. याचे पूर्ण मार्क. तोवर मला धीर नव्हता, म्हणून हायड्रॉलिकच्या दुकानातून त्याच मापाची नायट्राइल रबराची रिंग आणली होती. ती खाचेत जरा खोल बसत होती, तर खाली वहीच्या कागदाची गोल चकती कापून घातली. आजही तीच आहे, कंपनीच्या दोन्ही रिंगा डबीत पडून आहेत.

त्याच बैठकीत बिजागरीचा बोल्टही पाहिला. नळी अर्धी मोडून हात सोडला की ती त्याच जागी थांबायला हवी. आमची आपल्या वजनानं लटकत होती आणि आडवी हलवली तर कट्कट् वाजत होती. पाव फेऱ्यात काम झालं.

पुन्हा वेग मोजला: १७२ ते १७६. हिशोब केला तर आठ ज्यूलच्या आसपास बसतो. मोठमोठे आकडे छापून विकणाऱ्यांना हा कमी वाटेल. दहा मीटरवरच्या कागदाला पुरून उरतो.

पेलेट, आणि हुपरीचा तराजू

दुकानदारानं रायफलीसोबत दिलेली डबी उघडली तेव्हाच शंका आली होती. तळाशी शिशाचा भुगा, आणि दर दहा-बारा पेलेटांमागे एकाचा घेर दबलेला. पेलेटचा मागचा घेर पातळ असतो, हवेच्या दाबानं तो फुलून नळीला चिकटतो. तो वाकडा असेल तर पेलेट नळीतून निघतानाच डुगडुगतो.

माझा मावसभाऊ हुपरीला चांदीच्या कामात आहे. त्याच्याकडे मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा असतो. एका दुपारी डबी घेऊन गेलो. पैंजणांचे घुंगरू तोलायच्या काट्यावर मी पेलेट तोलतोय म्हटल्यावर कारागीर काम सोडून जमले. पन्नास पेलेट एकेक करून ठेवले. सगळ्यात हलका ०.४८ ग्रॅम, सगळ्यात जड ०.५६. मावसभाऊ म्हणाला, "आमच्यात असला माल आला तर गिऱ्हाईक घरी येऊन बोंब मारतंय." मग सरांकडून आणलेले जर्मन मॅच पेलेट तोलले, डबीवर ०.५३ लिहिलेले. पन्नासच्या पन्नास ०.५२८ ते ०.५३३ मध्ये.

किंमत जवळपास चौपट आहे, रोजच्या सरावाला परवडत नाही. म्हणून आम्ही स्वस्त डबी निवडून वापरतो. आरशाची काच जराशी तिरकी ठेवायची, वरून पेलेट सोडायचा. चांगला पेलेट एकसारखं वळण घेत जातो, दबलेला मध्येच उडी मारतो. उडी मारलेले वेगळ्या डबीत, ते मी वापरतो. शेवटचे वीस बार जर्मन. हे काम भाची टीव्ही बघत करते. एकच नियम, पेलेट तोंडात धरायचा नाही आणि नंतर साबणानं हात धुवायचे. शिसं आहे ते.

डोकं चपटं असलेले पेलेटच घ्या. ते कागदात गोल स्वच्छ भोक पाडतात. टोकदार पेलेट 'जास्त घुसतात' म्हणून विकतात, आम्हाला कुठे घुसवायचंय? शेडमधल्या कबुतरांवर ट्राय करा म्हणणारे दोघे-तिघे भेटले. त्यांना मी रायफल हातातसुद्धा दिली नाही.

धरायचं नाही

आता खरी गंमत. इतकं सगळं करून मी २६ मिमीवर अडकलो होतो आणि भाची १७ वर. तीच रायफल, तेच पेलेट. मी म्हटलं, डोळे. सर हसले.

स्प्रिंगची रायफल दोन हिसके देते. स्प्रिंग सुटून पिस्टन पुढे धावतो तेव्हा रायफल मागे येते, आणि पिस्टन पुढे जाऊन थडकला की रायफल पुढे जाते. पेलेट नळीच्या बाहेर पडायच्या आधीच हे हलणं सुरू झालेलं असतं. मागावर धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला फेकला जातो तेव्हा अख्खा माग जसा अंग झटकतो, तसंच. ते हलणं थांबवता येत नाही. ते दर वेळी सारखं व्हावं, एवढंच आपल्या हातात आहे. मी पाना धरल्यासारखी मूठ आवळत होतो. एका बाराला जास्त जोर, दुसऱ्याला कमी, आणि रायफल त्या त्या जोराप्रमाणे वेगळीकडे उडत होती. भाचीच्या हातात तेवढा जोरच नाही. तिच्या पंजावर रायफल नुसती पडून असते.

"बंदूक पकडायची नाही," सर मला म्हणाले, "पाळण्यातलं पोर उचलल्यागत ठेवायची."

डावा तळवा उघडा, बोटं लाकडाला गुंडाळायची नाहीत. तळवा दर वेळी त्याच जागी. आम्ही लाकडावर कागदी चिकटपट्टीची खूण केली. चाचणी म्हणून तळवा चार बोटं पुढे सरकवून दहा बार काढले, भोकांचा घोळका तेवढाच राहिला पण अख्खाच्या अख्खा वर सरकला. खांद्याला नुसता टेकू, गाल हलका. टेबलावर टेकवून मारायची असेल तर लाकूड थेट टेबलावर किंवा विटेवर ठेवू नका, उडी मारते. तांदळाची पिशवी, तिच्यावर आपला हात, हातावर रायफल. आणि बार झाल्यावर लगेच मान वर करायची नाही. माशी काळ्या गोलाखाली परत येईपर्यंत बघत राहायचं. हे शेवटचं मला अजून जमत नाही, भोक कुठे पडलं ते बघायची घाई असते.

सरांकडे एक जुनी फाईनवर्कबाऊ ३०० ही जर्मन रायफल आहे. तीही स्प्रिंगचीच, पण तिचा वरचा सगळा लोखंडी भाग लाकडातल्या रुळांवर मागे सरकतो, त्यामुळे हिसका खांद्यापर्यंत पोचतच नाही. मी पाच बार काढले. पाचही एका भोकात जवळजवळ. ज्यानं ही बनवली त्याच्या हाताखाली मी फुकट काम केलं असतं.

दुर्बीण

घेऊ नका. कॉम्बोमध्ये फुकट आली तरी पेटीतच राहू द्या. माउंटच्या, म्हणजे दुर्बीण धरणाऱ्या कड्यांच्या, मागे मी पेन्सिलनं रेघ मारली होती, चाळीस बारांत माउंट रेघ ओलांडून दोन मिमी मागे गेलं. दोन्हीकडचा हिसका साध्या दुर्बिणीच्या आतल्या तारांना सोसत नाही, आणि माउंटला अडवणारी खुंटी नसेल तर ते सरकणारच. शिवाय अशा स्वस्त दुर्बिणी लांबच्या अंतरासाठी जुळवलेल्या असतात, दहा मीटरवर डोळा जरा इकडेतिकडे झाला की फुली कार्डावर पोहते. ओपन साइट गटात ती चालतही नाही. काढून टाकली.

मागच्या साइटला आडवा खुळखुळा होता. तिच्या बाजूचा स्क्रू आवळून तो गेला. नळीच्या तोंडाशी कापसाची काडी गोल फिरवून पाहिली, धागा कुठे अडकला नाही, म्हणजे कड शाबूत. बॅरल बदलायला निघालेल्या दुकानदाराला हा फोटोही पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

घ्यावी का

लाकूड चांगलं आहे, बीचचं वाटतं. नळी आतून साफ आहे. मच्छीमारीच्या दोरीला कापडाचा तुकडा बांधून ओढला, पहिल्या तीन तुकड्यांवर काळं आलं, चौथा जवळजवळ कोरा. आता दहा मीटरवर भाची उभी राहून चांगल्या दिवशी १४ मिमी टाकते, मी २०. एवढ्या पैशांत याहून जास्त मागणं हावरटपणा होईल. पण कारखान्यातून निघताना कुणी चार स्क्रू आवळले असते आणि एक रिंग नीट बसवली असती, तर माझे अडीच महिने वाचले असते. घरात पाना धरणारं कुणी नसेल तर ही घेऊ नका, किंवा आधी ओळखीच्या मेकॅनिकला दाखवा.

ट्रिगर जड आहे आणि सुटायच्या आधी खरखरतो. तो मी खोललेला नाही आणि खोलणारही नाही. ट्रिगरशी खेळून सेफ्टी बिघडवलेली माणसं मी पाहिली आहेत. स्प्रिंगही स्वतः खोलू नका. ती दाबलेली असते आणि ती धरून ठेवणारा योग्य शिकंजा नसेल तर तोंडावर येते. रिकामा बार काढायचा नाही, आणि भरून तासन्‌तास ठेवायची नाही, स्प्रिंग बसते.

पाचपैकी साडेतीन. एक ट्रिगरचा कापला, अर्धा त्या स्क्रूंचा.

सरावाच्या आधी नेलपॉलिशच्या रेघा बघायचं काम आता भाचीकडे आहे. परवा मी पेटीत चिंध्या भरत होतो, तर मागून आवाज आला, "मामा, पुढचा डावा हललाय." चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाकून पाहिलं. रेघ केसभर तुटली होती.